देवीची तहान

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. मुलीला सातव्या वर्षी साखरेचा आजार निघाला, तेव्हापासून मी दिवा लावायची तो सवयीनं. आमच्या कोंढा गावात लोक विचारायचे, म्हाताऱ्यांचा आजार पोरीला कसा? जणू मीच कुठेतरी पाप करून ठेवलं होतं. रोज चार सुया टोचता टोचता तीन वर्षं गेली. मग नागपूरच्या डॉक्टरांच्या खटपटीनं तिला मशीन मिळालं. दंडावरची चकती साखर मोजते आणि कमरेचं मशीन आपणहून लागेल तेवढं इन्सुलिन सोडतं. साखर वरखाली झाली की ते चिवचिवतं, म्हणून पोरीनं त्याचं नाव मैना ठेवलं. नागपूरच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी मला बजावलं होतं, मशीन लपवायला शिकवू नका. आज मशीन लपवेल, उद्या दुखणं लपवेल. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

नवरात्रातल्या अष्टमीला आमच्याकडे कन्यांना घरोघर नेतात, पाय धुतात, खीर-पुरी वाढतात. आजार निघाल्यापासून माझ्या पोरीला कुणी बोलावलं नव्हतं. मशीन मिळालं त्या वर्षी जाऊबाईंनी बोलावलं, पण कमरेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काढून पाठवजो. देवीले नळी कायले पाह्यजे?" पोर माझ्याकडे बघत राहिली. मी भांडायला हवं होतं. त्याऐवजी नळी सोडवली. आंघोळीला काढतोच की, तासाभरानं काय होतं, असं स्वतःला समजावलं. मशीन घटासमोर ठेवलं आणि वर झेंडूचं फूल वाहिलं. माझ्या शहाणपणाची कमालच म्हणायची. खरं सांगायचं तर त्यात भक्ती नव्हतीच. माझी पोर चारचौघींसारखी दिसावी, एवढीच हाव होती.

तासाभराचं काम घरं फिरत फिरत दुपारपर्यंत लांबलं. मी सोबतच होते. पण बायका दर घरी पोरीचं कौतुक करत होत्या, आणि ते सोडून मशीन आणायला जाणं माझ्या जिवावर आलं. तिसऱ्या घरी पोरीनं तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. बायका खूश झाल्या. देवीलाच तहान लागली, शुभ आहे, म्हणत त्यांनी दुसरा तांब्या भरून आणला. मीही हात जोडले. ते आठवलं की आजही या हातांची शिसारी येते.

चौथ्या घरी पाय धुवायला एक अनोळखी बाई बसली होती. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेली, आता पुनर्वसनात राहणारी, सणाला बहिणीकडे आलेली. तिनं पोरीचा पाय परातीत घेतला तोच पोरीनं पुन्हा पाणी मागितलं. बाईनं वर पाहिलं, तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि माझ्याकडे वळली.

"हे देवीची तहान नोहे वो बाई. साखर हाये ना इले? सुई कवा देल्ली?"

माझ्याआधी पोरच म्हणाली, "मैना घरी हाये. आईनं काढली."

बाई रागावली नाही. इतकंच म्हणाली, "मीनंबी नवसापायी माह्या पोरीची सुई बंद केली होती. असाच सडक्या फळावाणी वास येत होता तिच्या तोंडाले. चाल, ऊठ."

घरी मैना फुलाखाली ओरडत होती. कधीपासून, देव जाणे. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं सुईच्या पेननं इन्सुलिन टोचलं आणि गाडी करून तडक भंडाऱ्याच्या दवाखान्यात निघालो. पोर ओकत होती. बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कारध्याचा पूल आला तेव्हा वैनगंगेपुढे मी हात जोडले, पण मागायला तोंड नव्हतं. "तूच बघ," एवढंच म्हणाले. आयुष्यातली माझी ती पहिली खरी प्रार्थना.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर अवघड होतं. तीन दिवसांनी पोर घरी आली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं मला विचारलं होतं, "मैना असली तर माह्यात देवी येत नाही का, आई?" मी नुसती रडले.

ती बाई कधी परत गेली, मला कळलंही नाही. गावात आता म्हणतात, साक्षात देवीच धावून आली. मी तसं म्हणत नाही. देवी असती तर तिची स्वतःची पोर वाचली असती. ती माझ्यासारखीच चुकलेली आई होती. तिची पोर गेली म्हणून माझी ओळखू आली, हे मला गिळवत नाही. पण कृपा झाली, हेही नाकारणार नाही. दिवा लावताना आधी त्या बाईला नमस्कार करते, मग देवीला.

यंदा कन्या माझ्या घरी जेवल्या. मध्येच मैना चिवचिवली. मी आरती थांबवून मशीन पाहिलं, खिरीतल्या साखरेचा अंदाज त्यात भरला, मगच पोरीपुढे वाटी ठेवली. देवीला द्यायचं ते आहे तसं द्यावं, नळीसकट, हे मला फार उशिरा कळलं. मग परात घेऊन मी तिच्यासमोर बसले. तिनं पाय पुढे केला, पण मैनेवरची ओढणी घट्ट धरून ठेवली.

"काढ न ते ओढणी," मी म्हणाले.

"राहू दे, आई. लोकं पाहून राहिले."

लपवायला मी तिला एका सकाळीत शिकवलं होतं. मी तिचे पाय धुतले आणि पदरानं कोरडे केले.