कागदावर वारलेली आई

माझी आई होती तोवर मी तिला काकीच म्हटलं. एकत्र घरात चुलत भावंडांचं ऐकून लागलेली ही सवय असेल, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. मला तशी ताकीद होती.

माझ्या आधीची तिची दोन मुलं पाळण्यातच गेली. गुंद गावाच्याही पुढं, रानात आमचं घर. मुलं कशानं गेली हे विचारायला जवळपास डॉक्टर नव्हता, म्हणून देवाला विचारलं. कौल निघाला की दोष आईच्या कुशीचा आहे. बाबाचा काही दोष निघाला नाही. पुरुषाचा कधी निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मग मी जन्मले तेव्हा बाराव्या दिवशी मला सुपात घालून बाबाच्या थोरल्या वहिनीच्या ओटीत दिलं. तिनं बदल्यात आईच्या पदरात पसाभर तांदूळ टाकले. त्या दिवसापासून थोरली माझी आई झाली आणि जिनं जन्म दिला ती काकी. माझं लग्न होईपर्यंत हे पाळायचं होतं. मांडवात सगळ्यांसमोर मला परत केलं की मग खुशाल आई म्हणायचं. त्याआधी तो शब्द तिला लागला तर पोर जगायची नाही, असं ठरलेलं होतं. घर एकच, चूल एकच, झोपायची मी काकीच्याच कुशीत. फक्त एक शब्द इकडचा तिकडं केला होता.

थोरली मी पाच वर्षांची असताना तापानं गेली. जीव लावणारी बाई होती. मी खूप रडले.

पुढच्या वर्षी शाळेजवळ एका ख्रिस्ती संस्थेचं केंद्र सुरू झालं. परदेशातलं एकेक कुटुंब इकडच्या एकेका मुलाचा सांभाळ करणार, त्याची शाळा, पुस्तकं, औषधपाणी बघणार, अशी ती योजना होती. केंद्रातल्या टीचर फॉर्म घेऊन घरोघरी फिरत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा बाबा फॉरेस्टच्या कामावर गेला होता. टीचर माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

‘बाळ, तुझी आई कुठं आहे?’

‘आई मेली,’ मी म्हटलं.

त्यांनी दारात उभ्या असलेल्या बाईकडं बघितलं. ‘तुम्ही कोण हिच्या?’

‘म्या काकी.’

‘हिला तुम्हीच सांभाळता?’

‘व्हय.’

‘अगदी पोटच्या पोरीसारखी?’

आईनं नुसती मान हलवली. टीचरनी लिहून घेतलं, भिंतीपाशी उभी करून माझा फोटो काढला आणि गेल्या. आम्ही दोघींनी खोटं बोलून कुणाला फसवलं नव्हतं. घरात जे बोलायचं, तेच बोललो होतो. पण त्या फॉर्मवर माझी आई वारली ती वारलीच.

हे कळलं ते पहिलं पत्र आल्यावर. सोबत एका पिवळ्या घरासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या नवराबायकोचा फोटो होता. टीचरनी मराठीत वाचून दाखवलं. ‘तुझी आई देवाघरी गेल्याचं वाचून आम्हाला फार वाईट वाटलं. तुला चालणार असेल तर तू मला आई म्हण.’ बाबानं कपाळावर हात मारला. घरी आल्यावर तो म्हणाला, ‘उद्या जाऊन सांगतो, हिची आय जित्ती हाय म्हणून.’

‘कशाला?’ काकी म्हणाली. ‘पोरीचं नाव काढून टाकतील. कागदावर न्हाई तर न्हाई. घरात हाय न्हवं म्या?’

बाबा सांगायला गेला नाही. मला तर आनंदच झाला होता, कारण पत्राबरोबर रंगपेटी आली होती.

दर दोन महिन्यांनी मला उत्तर लिहावं लागे. शाळा कशी चालली आहे, भात कसं आलं आहे, असलं काहीबाही. सुरुवात ठरलेली असे, ‘प्रिय आई’. मी उंबऱ्यावर बसून लिहायची आणि काकी शेजारी कंद सोलत बसायची. तिला अक्षरओळख नव्हती.

‘वाच बघू काय लिवलंस,’ ती म्हणायची.

‘प्रिय आई, मी बरी आहे...’

‘पयल्यापासनं वाच की.’

‘पहिल्यापासनंच वाचतेय गं. प्रिय आई...’

असं दोनतीनदा झालं की म्हणायची, ‘आता फुडचं ऱ्हाऊ दे.’ माझं अक्षर चांगलं होतं, त्याचं तिला कौतुक आहे असं मला वाटायचं. कौतुक कशाचं होतं ते कळायला मला दहा वर्षांचं व्हावं लागलं. म्हणायला मनाई होती, वाचायला नव्हती. कळल्यावर मात्र ते दोन शब्द मी सावकाश वाचू लागले. मी खाली मान घालून वाचायची. तीही विळीवरून मान वर करायची नाही.

मी दहावीत असताना तिला रक्तस्राव सुरू झाला. कित्येक महिने तिनं तो लपवला. बाबानं बेळगावला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गर्भाशयाचा कॅन्सर आहे, मोठ्या दवाखान्यात लगेच हलवा, अजून वाचू शकतील. देवानं कुशीवर ठेवलेला ठपका शेवटी डॉक्टरांच्या कागदावरही आला. सरकारी कार्डावर सगळं भागणारं नव्हतं. पण माझ्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन केंद्रानं करून दिलं होतं. मी धावत टीचरकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘काकूसाठी नाही गं देता येत. आईवडिलांसाठी देतात. तुझी आई असती तर मी आत्ता कळवलं असतं.’

‘टीचर, ती माझी आईच आहे.’

‘कळतं मला,’ त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘सांभाळते ती आईच.’

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. सूप, तांदूळ, ओटी, सगळं पहिल्यापासून सांगितलं तेव्हा कुठं त्यांचा चेहरा उतरला. माझा जन्म घरातला, त्यामुळं दवाखान्याची नोंद नव्हती, आणि शाळेच्या दाखल्यावरही थोरलीचंच नाव होतं. त्यांनी माझा जुना फॉर्म काढून बघितला. मग म्हणाल्या, ‘तिनं स्वतः लिहून द्यायला हवं, ही माझी मुलगी म्हणून. मी वर बोलते. माझं काय व्हायचं ते होऊ दे.’

दुसऱ्या दिवशी त्या कागद आणि शाईचा पॅड घेऊन घरी आल्या. बाबानं सही केली. काकी भिंतीला टेकून बसली होती. तिला उठून बसायलाही आधार लागायचा.

‘ही तुमचीच मुलगी ना?’ टीचरनी विचारलं.

‘म्या हिची काकी,’ ती म्हणाली.

‘अगं, अंगठा दे!’ मी किंचाळले. ‘काही होत नाही मला! सोळा वर्षांची झाले मी!’

‘पाळलं म्हणून झालीस.’

मी तिचे पाय धरले. तिचा अंगठा धरून पॅडवर दाबायचा प्रयत्न केला. अंगात ताकद नसलेल्या त्या बाईनं मूठ अशी आवळली की ती मला उघडता आली नाही. बाबा शिव्या देत अंगणात गेला.

‘दोन गेली माझी,’ ती म्हणाली. ‘तिसरी घालवू म्हणतीस?’

टीचर कागद आमच्या घरी ठेवून गेल्या. तो तसाच राहिला. विज्ञानाच्या पेपरात मला पैकीच्या पैकी मिळत होते आणि माझ्या घरात माझी आई एका शब्दापायी मरत होती. तिचा मला इतका राग आला होता की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ते दोन दिवस मला अजून छळतात.

कार्डावर झाले तेवढे उपचार झाले. पुढं डॉक्टरांनीही हात टेकले. तिला घरी आणलं. ती गेल्यावर पिवळ्या घरातून पत्र आलं, ‘तुझी काकू गेल्याचं कळलं. धीर धर, तुला मी आहे.’ त्या बाईचा मला राग नाही. आज मी नर्स आहे ती तिच्यामुळं. माझं लग्न अजून झालेलं नाही.

तिच्या शेवटच्या आठवड्यात पत्राची वेळ आली होती. दुपारची वेळ होती, बाबा गोठ्याकडं गेला होता. मी कागद घेऊन उंबऱ्याऐवजी तिच्या उशाशी बसले.

‘वाच,’ ती म्हणाली. आवाज जेमतेम फुटत होता.

मी कागद खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडं बघत म्हटलं, ‘प्रिय आई...’

मला वाटलं, ती माझ्या तोंडावर हात ठेवेल. तिनं डोळे मिटले.

‘ओ,’ ती म्हणाली.

थोड्या वेळानं म्हणाली, ‘आता फुडचं ऱ्हाऊ दे.’ पुढं मी काही लिहिलेलंच नव्हतं.