चारातलं एक

इंदूबाई बार्शीटाकळीहून निघाली ती सोयरीक मोडायला, आणि तीही सख्ख्या भावाच्या घरची. सोपं आहे का हो? दर्यापूरला भावाच्या दारी पोचेपर्यंत जीपमध्ये ती काय बोलायचं तेच घोकत होती.

भाऊ मोतीराम. त्याची थोरली पोरगी भावना इंदूबाईनं हट्टानं आपल्या थोरल्या लेकाला, नागसेनला करून आणली होती. मामाची पोरगी भाच्याला, रीतच ती. आता धाकट्या लेकाला, देवमनला मोतीरामची धाकटी ठरली होती. अन् तेवढ्यात नात गेली. नागसेन-भावनाची यशोधरा, सव्वा वर्षाची. दोन महिन्यांची असल्यापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. मग साधा ताप आला आणि त्या तापात लिव्हरच बसलं.

रिपोर्ट मागाहून आला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, पेशीवर कामाचा ताण आला की तिला 'थांब' म्हणणारं एक जनुक असतं, पर्क नावाचं. त्याची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. लेकराला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या. इंदूबाईनं अर्धा जन्म कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात काढलेला, कापसाचं पीक बुडून जीन बंद पडेपर्यंत. तिला बरोबर कळलं. पट्ट्यावर कापूस तुंबला आणि पट्टा थांबवायचं बटन दाबणारा माणूसच नाही, मग आग लागणारच.

"दोष भावनाचा नाई, नागसेनचाबी नाई," ती भावाला म्हणाली. "आपल्या घरान्याचा हाय. तुह्या अंगात हाय, माह्या अंगात हाय. मायबाप दोघाइकडूनबी आलं तं चारातलं एक लेकरू तसं निघते. धाकटी मले नको, मोतीराम."

"वा गं माय! एक लेकरू गेलं तं माही पोरगी नासकी झाली?" मोतीराम कडाडला. "साऱ्या गावाले सांगून बसलो मी! आता कोनत्या तोंडानं फिरू?"

"शिव्या दे मले. पन हे लगन मी होऊ देनार नाई. सुई दिसली का यशोधरा माह्याच कुशीत लपे रे, अन् टोचनारी मीच."

दारात भावजय उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"ताई," ती म्हणाली, "भावनाले तिसरा महिना लागला. रिपोर्ट आला अन् तुमाले सांगाची तिची हिंमतच नाई झाली."

भावाला चारातल्या एकाची भीती घालायला आलेली इंदूबाई आता त्याच्याच तोंडाकडे बघू लागली.

"चारातलं एकच म्हनते नं डाक्टरीन? तीन तं चांगले असतात नं, मोतीराम? सांग नं रे."