बावीस पट्टे झोपवले, त्या दिवशी

आधी कबूल करा, हसणार नाही. हसलात तर हा कप इथंच ठेवून निघून जाईन! कारण हा गाढवपणा माझ्या हातून झाला तेव्हा मी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्किंग हाच विषय शिकवत होतो. अजूनही शिकवतो. काय करता?

देवणीजवळच्या एका गावात काशीबाई काकूंची देवणी जातीची बावीस जनावरं, एकवीस गायी आणि एक वळू. प्रत्येकाच्या गळ्यात आम्ही एकेक पट्टा बांधला होता, पट्ट्यात सेन्सर. गाय रवंथ किती करते, उठबस किती करते, कुठं आहे, ते तो टिपणार आणि शेजारच्या गायीच्या पट्ट्याला वायरलेसनं सांगणार. तो पुढच्याला. असा निरोप गोठ्यापर्यंत. पण कुणी कुणाला आणि कधी सांगायचं, हे पट्ट्यांनी ठरवायचं नाही, ते माझ्या लॅपटॉपवरून ठरणार. याला म्हणतात सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंग. म्हणजे बावीस हुकमाचे ताबेदार आणि हुकूम सोडणारा एक. तो मी!

काकूंचा सगळा जीव चंद्रीत. मागच्या खेपेला चंद्री रानात एकटीच व्यायला बसली, वासरू अडकलं आणि गेलं. आता पुन्हा दिवस भरले होते. काकू तिला गोठ्यात बांधूनच ठेवणार होत्या. शहाणपणा मी केला.

"काकू, चरू द्या तिला. व्यायची वेळ आली की उठबस वाढते, लॅपटॉप लगेच सांगेल."

"नक्की ना सर? लई जिवाची गाय हाय माझी."

"नक्की!"

सकाळी कळप सोयाबीन काढलेल्या रानात गेला. मी गोठ्यात बसून स्क्रीनवर बघतो तर पट्ट्यांच्या बॅटऱ्या उतरत चाललेल्या. म्हटलं, तासभर झोपवू यांना. हुकूम लिहिला, ‘रेडिओ बंद करा आणि मी उठवेपर्यंत झोपा.’ एंटर! बावीस हिरवे ठिपके एका दमात करडे झाले. काय ती शिस्त! स्वतःवर खूश होऊन मी दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

तासानं हुकूम सोडला, ‘उठा.’

ठिपके करडेच.

पुन्हा ‘उठा.’ पुन्हा करडेच. आणि मग कुठं माझी ट्यूब पेटली. अहो, रेडिओ बंद करून झोपलेल्याला ‘उठा’ ऐकू येणार कसं? कानात बोळे घाला आणि मी हाक मारली की काढा, असं सांगून बसलो होतो मी! आणि पट्टे इतके गुणी, की एकानंही हुकूम मोडला नाही.

तेवढ्यात काकू आल्या. "सर, चंद्री काय करून राहिली?"

खरं सांगायचं होतं ना? नाही सांगितलं. स्क्रीनवर तासाभरापूर्वीचा निरोप होता, तोच वाचून दाखवला. "निवांत रवंथ करतेय. ओढ्याकडं आहे."

"मग तितंच पेंड चारून येते." काकू पाटी घेऊन गेल्या. मी घाम पुसत ‘उठा, उठा’ करत राहिलो. अर्ध्या तासानं काकू धापा टाकत परत.

"ओढ्याला न्हाई ओ ती! कळपात बी न्हाई!"

तेव्हा कुठं मी कबुली दिली. काकूंनी पाटी तिथंच टाकली, पदर खोचला आणि रानाकडं पळत सुटल्या.

हमीदचाचा त्या दिवशी उदगीरहून आले होते. पट्टे त्यांनीच शिवलेले, कुणाच्या गळ्याला काचतात का ते बघायला आलेले. मी म्हटलं, "चाचा, आत एक बटण आहे. ते दाबलं की पट्टा जागा होतो."

"बटन कुटं दाबू सर? तुमीच म्हणले, पानी जाऊ नये, चारी बाजूनं पक्कं शिवा. मी पक्कं शिवलो!"

म्हणजे प्रत्येक पट्टा उसवणं आलं. सगळ्यात जवळ कोण? गोठ्यात बांधलेला वळू. मी वेसण धरली, चाचांनी चामडं कापायची रापी काढली. वळूनं मला गव्हाणीवर दोनदा आपटलं. शेवटी बटण दाबलं, एक ठिपका हिरवा झाला आणि निरोप आला, ‘शेजारी कुणी नाही.’ वा! बावीस जणांत जागा कोण, तर ज्याला व्यायचंच नाही तो!

लॅपटॉप काखेत मारून आम्ही रानात पळालो. मागचं वासरू गेलं तेव्हा काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. एकाएकी चाचा थांबले.

"सर, वारं न्हाई अन् तितली तूर कशी हालून राहिली?"

डोक्याएवढ्या तुरीत चंद्री आडवी पडली होती. वासराचा एकच पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. आमच्या हाकेसरशी काकू आल्या. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून मी काकूंच्या कानाशी धरला. त्या ऐकत गेल्या, हात घालून पाय सरळ करत गेल्या. "ओढा आता!" चाचा आणि मी ओढलं. वासरू बाहेर आलं. हलेना. काकूंनी त्याच्या नाकात काडी घातली. काही नाही. मी डोळेच मिटून घेतले, मला बघवत नव्हतं.

आणि फटकन शिंकलं हो! चाचा हसायला लागले, काकू रडायला लागल्या, आणि मी दोन्ही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी खरवसाची वाटी माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, "काकू, चूक दुरुस्त केली. आता पट्टे ठरल्या वेळी आपले आपण उठतील. पुन्हा कधी बंद पडणार नाही."

काकू दचकल्याच. "नगं नगं! तुमचं यंत्र चालू ऱ्हायलं असतं, तर मी त्येच्या भरवशावर घरात बसले असते. बंद पडलं म्हणून पळाले, म्हणून वासरू हाती लागलं. चंद्रीचे पुन्हा दिवस भरले की फोन करते, सर. तुमी दोन दिस आधी या, अन् असंच बंद पाडून जा."