सूट आणि शिकवणी

मुंबईत काळाचौकीच्या एका गल्लीत माझी गाडी बघणाऱ्या मेकॅनिककाकांचं गॅरेज आहे. तरुणपणी ते गिरणीत होते, तिथे मागांच्या खडखडाटात कान गेले. म्हणून बोलतात मोठ्याने, आणि इंजिनाचं दुखणं बॉनेटवर तळहात ठेवून ओळखतात.

गेल्या वर्षी मी विजेवर चालणारी गाडी घेतली. सरकारने सूट दिली म्हणून परवडली, हे त्यांना सांगताना मला अपराधी वाटलं. तिला ना ऑइल लागतं, ना प्लग. त्यांचं कामच मी कमी करत होते.

"सूट द्यायलाच पाहिजे, ताई," ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "धूर आमच्याच नाकात जातो. पण पहिली टॅक्सीवाल्याला द्या, तो दिवसभर रस्त्यावर असतो. आणि थोडे पैसे आम्हाला शिकवायला ठेवा. संपात गिरणी गेली, तेव्हा नवीन काम शिकवायला कोण आला नाय."

बोलून ते गप्प बसले नाहीत. बॅटरीच्या गाड्यांच्या वर्गात त्यांनी स्वतःच नाव घातलं. बाकीचे सगळे नातवंडांच्या वयाचे. नीट ऐकू यावं म्हणून हे पहिल्या बाकावर.

परवा माझी गाडी चार्ज होईना. त्यांनी रबरी हातमोजे चढवले, वहीतलं पान उघडलं आणि एकेक जोड तपासत गेले. अर्ध्या तासाने हिरवा दिवा लागला. माझ्याकडे न बघताच त्यांनी समोरच्या गॅरेजवाल्याला हाक मारली,

"अरे, हातातलं ठेव नि ये इकडे! तुला पण शिकवतो."