फोटो दाबले जात नाहीत

माझा नवरा तारापूरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होता. शिफ्ट संपवून सरावलीला घरी आला, आंघोळीला गेला आणि तिथेच कोसळला. कंपनीचा सुंठेवाचून खोकला गेला. गेटच्या आत मेला असता, तर चौकशी आणि पंचनामा निस्तरावा लागला असता.

त्याचा फोन मला मिळाला, पण रिकामा. स्वस्तातला फोन, सारखा भरायचा. मग तो केबल लावून सगळं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या फोल्डरमध्ये ओतायचा. तिथले सगळेच तसं करतात. घरी माझा लॅपटॉप होता, पण घरी त्याला फक्त झोप यायची.

लग्नाचा अल्बम आहे. त्यात तो पावडर थापलेला कोणीतरी परका माणूस दिसतो. सासूला तो अल्बम नकोच होता. तिला एडवणच्या समुद्रावरचा व्हिडिओ हवा होता. ती डोंगरातल्या गावाहून पहिल्यांदा समुद्र बघायला आली, तेव्हा त्यानं काढलेला. त्यात ती वाळूत रुसून बसलीय आणि तो तिला हाका मारतोय, हसतोय, पाण्यात ये म्हणून विनवतोय. एका सकाळी तांदूळ निवडताना ती म्हणाली, "बाय, त्याचा आवाज इसराय लागलो मी." मला तिचा भयंकर राग आला, कारण माझंही तेच होत होतं.

मी कंपनीत खेटे घालत राहिले. फोल्डर द्या, नाहीतर एवढा व्हिडिओ तरी द्या. मॅनेजर साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी ऑडिटमध्ये. शेवटी बोलावणं आलं. सासू ठेवणीतलं लुगडं नेसली. मुलाला भेटायलाच निघाली होती ती.

साहेबांनी चहा पाजला. आमचा माणूस किती कष्टाळू, किती प्रामाणिक, हे सांगत बसले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंत होता तेव्हा दिवाळीला सुट्टी मागितली, तर याच माणसानं त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. मग त्यांनी पेन ड्राइव्ह सासूच्या हातात ठेवला. "आजी, तुमच्या मुलाचं सगळं यात आहे." तिनं तो कपाळाला लावला.

मी बोईसरला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. मी म्हटलं, इथेच लावून दाखवा. कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सिस्टिमवाल्यानं लावला. एकच झिप फाइल. मी तिचा आकार बघितला. इतक्या लहान फाइलमध्ये त्याचा एक धड व्हिडिओसुद्धा मावला नसता.

"फोटो, व्हिडिओ कुठे आहेत?" मी विचारलं.

सिस्टिमवाला खुशीत आला. कोणीतरी विचारलं, याचाच आनंद असावा. कोणी गेलं की त्याचं फोल्डर दाबून एका फाइलमध्ये भरायचं आणि मूळ फोल्डर उडवायचं, यासाठी त्यानं कोड लिहिला होता. आकड्यांचे तक्ते दाबले की चिमूटभर होतात. फोटो आणि व्हिडिओ मात्र तेवढेच राहतात, कारण कॅमेऱ्यानं ते आधीच दाबलेले असतात. पिळलेला कपडा पुन्हा पिळून काय निघणार? साहेब तेव्हा त्याला म्हणाले होते, फाइल लहान का होत नाही? मग त्यानं कोडमध्ये एक ओळ वाढवली. ती त्यानं मला स्क्रीनवर दाखवलीसुद्धा: फोटो किंवा व्हिडिओ असेल तर सोडून दे, पुढे जा. मी माझ्या विद्यार्थ्यांना असल्याच ओळी शिकवते. ओळ अगदी बरोबर होती.

"आणि मूळ फोल्डर?"

"ते तर कोडनंच उडवलं, मॅडम. त्या मशीनवर आता नवीन माणूस बसतो."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ताई, खरं तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घरचे फोटो ठेवणं नियमाबाहेर होतं. पण गेलेल्या माणसावर काय कारवाई करणार?" आणि ते हसले. माफ केल्यासारखे हसले. त्यांच्या तोंडावर कपातला चहा फेकावासा वाटला. पण कप रिकामा होता आणि सासू त्यांच्या पाया पडत होती.

रिक्षात ती सारखी बोलत होती. "देवमानूस हाय तो. चा पन पाजला. दिला ना त्याही माजा पोर?" तिथेच सांगून टाकावं असं वाटलं. तिनं रडावं, म्हणजे मला एकटीला रडावं लागणार नाही, इतकी मी नीच झाले होते. घरी आल्यावर सांगितलंच. "आये, यात तो नाही. त्या लोकांनी फेकून दिला. यात नुसते आकडे आहेत."

"खोटा नको बोलू. सायबानी माज्या हातात दिलाय," ती म्हणाली. "तू लाव."

मी चिडून लॅपटॉप तिच्यापुढे आपटला आणि फाइल उघडली. रिअॅक्टरचं तापमान, प्रेशर, रकान्यामागून रकाने. "हा घे तुझा मुलगा!" मी ओरडले.

ती पदर सावरून बसली. पडद्याकडे बघत राहिली. मग वाकून तिनं कान लॅपटॉपला लावला आणि मला हातानंच गप्प राहायची खूण केली.



"आवाज वाढव जरा, बाय," ती म्हणाली.

मी वाढवला.