बारवरून की बारखालून

आपल्या माणसांना आपण कधी विसरत नाही, असे रेवन्सक्लफचे लोक अभिमानाने सांगतात. ते खरे आहे, आणि माझी तक्रार तीच आहे.

फुटबॉल सोडलेल्या खेळाडूंचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या गावाने त्यांना दुकाने देऊन सोडविला. गोलरक्षकाने मासेमारीच्या गळांचे दुकान घातले, डाव्या बगलेवरच्या खेळाडूने वर्तमानपत्रे आणि तंबाखू विकली, आणि उजव्या बाजूचा बचावपटू अल्बन टॅटरसॉल याला बिअर बनवणाऱ्या ब्रुअरीने मैदानासमोरचा ‘वीव्हर्स आर्म्स’ हा पब चालवायला दिला. खेळत असताना या मंडळींना गिरणीतल्या मुकादमापेक्षा फारसे अधिक मिळत नसे. त्यामुळे पब मिळणे हा उपकारच, असे अल्बनसह सर्वांनी मानले. खाली धंदा होता, वर राहायची जागा. पिंपे रिकामी होत राहतील तोवर दोन्ही त्याची, ती थांबली की दोन्ही ब्रुअरीची.

मात्र अल्बनचीच निवड का झाली, हे कोणी उघड बोलत नसे. युद्धानंतर आमचा संघ एकदाच चषकाच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला. शेवटच्या मिनिटाला आलेला चेंडू डोक्याने आडव्या दांडीवरून, म्हणजे बारवरून, बाहेर घालवण्यासाठी अल्बन वाकला, आणि तो बारखालून आपल्याच जाळ्यात गेला. त्या एका चुकीसाठी गावाने त्याला घर दिले आणि पुढची सारी वर्षे त्याचे भाडे वसूल केले.

“अल्बन, माझा पाइंट बारवरून दे हं, गड्या. खालून नको!” पबच्या काउंटरलाही बारच म्हणतात, त्यावरचा हा विनोद खाटीक सेथ डकवर्थ दर शनिवारी करी, आणि दर शनिवारी माणसे नव्याने हसत. मग अल्बनने पेला पुसत तो गोल पहिल्यापासून सांगायचा, हा रिवाज. गोलरक्षकाने “सोड!” म्हणून दिलेली हाक गर्दीच्या आरोळीत आपल्याला कशी ऐकू आली नाही, इथपर्यंत आला की सगळे एका सुरात ओरडत, “सोड!” अल्बनही हसे. कोपऱ्यातल्या बाकावर बसून मी ते हसणे पाहत असे. शाळेत इतिहास शिकवून मीही थकलेला माणूस. तीच लढाई वर्षानुवर्षे हरण्याचा कंटाळा मला ओळखू येतो.

“शनिवारी रात्री हा डोळे उघडे ठेवून पडून राहतो,” त्याची बायको विनी एकदा मला म्हणाली. “विचारलं तर म्हणतो, गुडघा दुखतोय.”

पुढे अल्बनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. तो शेकोटीजवळच्या खुर्चीत बसू लागला. गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहून मान हलवी आणि पेला लवकर संपवून बाहेर पडे. एका दुपारी ब्रुअरीचे मिस्टर क्लेग येऊन काउंटरवर टोपी ठेवून म्हणाले, “मिसेस टॅटरसॉल, बिअर काय, आमची सगळीकडे तीच असते. लोक इथं गोष्ट ऐकायला येतात. गोष्ट नसेल तर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल.”

वरच्या दोन खोल्यांखेरीज त्या दोघांना छप्पर नव्हते. म्हणून विनीने गोष्ट सांगायला सुरुवात केली. सामन्याच्या दिवशी ती आईकडे पडदे धूत होती, तिने काहीच पाहिले नव्हते. पण जन्मभर ऐकलेले तिला तोंडपाठ होते. तिने चांगली सांगितली, हेच दुर्दैव. पब पुन्हा भरू लागला. दर शनिवारी ती स्वतःच्या नवऱ्याकडून तोच गोल करून घेई, आणि तो शेकोटीकडे तोंड करून ऐके.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी, आमचा संघ घरच्या मैदानावर हरल्यावर, माणसे चिडलेली होती आणि त्यांना जुना अपराधी हवा होता.

“चल विनी, होऊन जाऊ दे!” सेथ म्हणाला.

तिने सुरुवात केली. “सोड!” सगळे ओरडले. अल्बनचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेला मला दिसला. तो विनीलाही दिसला असावा.

“अल्बननं मान वाकवली, डोकं लावलं,” काउंटर पुसत ती म्हणाली, “आणि चेंडू बारवरून गेला.”

कोणाला काही कळेना.

“कुठून गेला?”

“वरून. त्यांना कॉर्नर मिळाला. तोही वाया गेला.”

“अगं बाई, मी होतो तिथं! आत गेला तो, आत!”

“तू होतास ना, सेथ? मग माझ्याकडून कशाला ऐकतोस?” तिने फडके पिळले. “या घरात तो वरूनच जातो. ज्याला आत घालायचाय, त्यानं दुसरीकडे जाऊन घालावा.”

तसेच झाले. सेथ अर्धा पेला टाकून उठला, आणि पुढच्या शनिवारपासून त्याच्याबरोबरचे टोळके वरच्या चौकातल्या पबमध्ये जाऊन तोच गोल आपापसांत सांगू लागले. उन्हाळ्याआधी मिस्टर क्लेग पुन्हा आले. “एका कॉर्नरपायी पब घालवलात, बाई,” एवढेच ते म्हणाले. नव्या चालकाची ख्यातीही तशीच होती: शेजारच्या गावचा आघाडीचा खेळाडू, निर्णायक पेनल्टी चुकवलेला. ब्रुअरीला माणसांची पारख होती.

अल्बन आणि विनीला नगरपालिकेने दिलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी मी ऑगस्टमध्ये चहाला गेलो. शनिवार होता. पस्तावा होतो का, असे मी विनीला विचारले.

“होतो की, मास्तर. जिन्यात वास मारतो, जागा एवढीशी. याची खुर्ची दारातून आत येईना, बाहेरच टाकून द्यावी लागली. आणि काउंटरमागं उभं राहायची सवय, इथं हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही.”

उघड्या खिडकीतून मैदानावरची मोठी आरोळी आली. कोणीतरी गोल केला असावा. विनीने दचकून पलंगाकडे पाहिले.

अल्बन भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता. विनीने उठून खिडकी ओढून घेतली.