डक्टमधली फट

कडोदऱ्याच्या आमच्या लूम कारखान्यात एक मिस्तरी होते, लिंबायतहून सायकलवर यायचे. मी स्टोअरचा कारकून. ते नट-बोल्ट मागायला आले, तरी आधी माझी पेटती उदबत्ती उचलायचे, कारण हवा कुठून कुठे जाते हे तिच्या धुरावर बघायची त्यांना खोड होती. कुठलीही अडचण सांगा, उत्तर ठरलेलं: "काही व्हस नही, भाऊ." म्हणजे, काही होत नाही.

सुताचा भुसा ओढून नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टमध्ये, एका वळणावर, रोज भुशाचा बोळा अडकायचा. मिस्तरींनी तिथे पत्र्याला बारीक फट पाडली आणि तिच्यातून थोडी हवा आत, पत्र्याला लगटून सोडली.

"आतून हवेचा पदर लावला. आता भुसा पत्र्याला शिवतच नाही," म्हणाले. आणि खरंच, डक्ट तुंबायचा थांबला.

मग नवे इंजिनिअर साहेब आले. "डक्टला भोक? ओढ कमी होईल. बंद करा."

मिस्तरींनी लगेच फट वेल्डिंगने बुजवली आणि वळणावर बाहेरून खडूने एक गोल काढला.

"हे काय?" मी विचारलं.

"इथं बसणार बोळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी डक्ट तुंबला. साहेब तरातरा येताना दिसले. आता मिस्तरी तो गोल दाखवणार, म्हणून मी मजा बघायला पुढे सरकलो. मिस्तरी घाईघाईने शिडी चढले, बाहीने खडू पुसून टाकला आणि खाली वाकून म्हणाले, "साहेब, कुठं अडकलं असेल, तुम्हीच सांगा बरं."